दूध केंद्राचं सॉफ्टवेअर अडकतं कुठे?

प्रश्न : गावच्या दूध संकलन केंद्रासाठी मी इलेक्ट्रॉनमध्ये (वेबपानाच्या तंत्राने डेस्कटॉप अ‍ॅप बनवायचं साधन) सॉफ्टवेअर लिहिलं आहे. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) यांच्या नोंदी एसक्यूलाइटमध्ये (एकाच फाइलीत राहणारा डेटाबेस) जातात. उत्पादक ३००. संगणक २ जीबी रॅमचा, जुनी हार्डडिस्क, लिनक्स. सुरू व्हायलाच उशीर लागतो आणि दहा दिवसांचं बिल काढताना सगळं अडकून बसतं. रॅम वाढवू का?
— एक वाचक, भूम (जि. धाराशिव)

उत्तर : रॅमचं नंतर बघू. ३०० उत्पादक, दोन वेळा, दहा दिवस म्हणजे जेमतेम ६,००० नोंदी. एवढ्याला एसक्यूलाइट दमत नाही. बहुधा तुमच्या लूपमध्ये प्रत्येक नोंदीची रक्कम सुट्या अपडेटने लिहिली जाते. अनेक बदल एकाच व्यवहारात बांधणारी ‘बिगिन’ ही आज्ञा दिली नसेल तर असं प्रत्येक अपडेट हा वेगळा व्यवहार ठरतो आणि तो डिस्कवर उतरेपर्यंत प्रोग्राम थांबतो. ७,२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते. त्यात साठेक व्यवहार झाले तरी पुष्कळ. लूपच्या आधी ‘बिगिन’, शेवटी ‘कमिट’ (बदल पक्के करायची आज्ञा) टाका, मग तेच काम चुटकीसरशी होतं. उत्पादक क्रमांक आणि तारीख मिळून एक इंडेक्सही (नोंदी पटकन सापडाव्यात म्हणून सूची) घाला.

सकाळ-संध्याकाळ दूध घेताना मात्र उलटं करायचं: दर मापाला लगेच कमिट. लाईट जाणारच, हे धरून चाला. वेगासाठी ‘सिंक्रोनस’ (नोंद डिस्कवर उतरेपर्यंत थांबायची सेटिंग) ऑफ करा असं कुणी सांगेल, ऐकू नका. वीज गेली तर फाइलच बिघडू शकते. वॉल मोडमध्ये (बदल आधी शेजारच्या वेगळ्या फाइलीत लिहायची पद्धत) तीच सेटिंग ‘नॉर्मल’ ठेवली तर फाइल शाबूत राहते, पण शेवटची काही मापं जाऊ शकतात, आणि भांडण नेमकं त्याच मापांवरून होतं. ‘फुल’ ठेवा. वॉल मोड असेल तर केंद्र चालू असताना नुसती डीबी फाइल पेनड्राइव्हवर ओढू नका, ताज्या नोंदी शेजारच्या वॉल फाइलीत असू शकतात. एसक्यूलाइटच्याच ‘व्हॅक्यूम इन्टू’ या आज्ञेने प्रत काढा.

राहिला सुरू होण्याचा उशीर. इलेक्ट्रॉन प्रत्येक अ‍ॅपबरोबर अख्खा क्रोमियम ब्राउझर आणतं. चार खान्यांच्या फॉर्मसाठी हे म्हणजे घागरभर दुधाला टँकर. खिडक्या-बटणं बनवायला जीटीके किंवा क्यूटी ही साधनं घ्या. टीके आणखी हलकं, पण लिनक्सवर त्याच्या जुन्या आवृत्त्यांत जोडाक्षरं फुटतात आणि ‘लक्ष्मीबाई’ ओळखू येत नाही.

प्रश्न : कोड सगळ्यांना दिसतो, म्हणजे मुक्तस्रोत (ओपन सोर्स) झालंच ना?
— एक वाचक, लातूर

उत्तर : नाही. परवाना नसेल तर सगळे हक्क तुमच्याकडेच राहतात. सुधारून पुढे वाटणाऱ्याने स्रोतही (मूळ कोड) द्यावा असं वाटत असेल तर जीपीएल परवाना, तशी अट नको असेल तर एमआयटी परवाना.