सॉलिटेअरसारखाच, पण नशिबावर न चालणारा पत्त्यांचा खेळ कोणता?

तुम्ही लिहिलंय की संगणकावरचा नेहमीचा सॉलिटेअर खेळून तुम्ही वैतागला आहात. नीट विचार करून खेळलं तरी मध्येच डाव अडतो आणि चूक कुठे झाली ते कळत नाही. एकट्यानेच खेळायचा, पण हरलो तर का हरलो हे कळेल असा खेळ तुम्हाला हवा आहे.

तो खेळ म्हणजे फ्रीसेल. मी तो वीसेक वर्षं खेळते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या सॉलिटेअरमध्ये, म्हणजे क्लोंडाइकमध्ये, मांडलेल्या २८ पत्त्यांपैकी २१ पालथे असतात आणि उरलेले २४ गड्डीत. तुम्ही चाल करता तेव्हा खाली काय आहे ते माहीतच नसतं. फ्रीसेलमध्ये ५२ च्या ५२ पत्ते पहिल्या क्षणापासून उघडे असतात. आठ उभ्या रांगा: पहिल्या चारांत सात-सात पत्ते, पुढच्या चारांत सहा-सहा. गड्डी नाही, पालथं काही नाही. रांगेत पत्ता लावायचा तो उतरत्या क्रमाने आणि रंग आलटून-पालटून, म्हणजे काळ्या नव्वीवर लाल अठ्ठी. वर उजवीकडे इस्पिक, बदाम, चौकट, किलवर या चार रंगांची चार घरं, त्यात एक्क्यापासून राजापर्यंत चढत जायचं. आणि वर डावीकडे चार मोकळी घरं, प्रत्येकात कुठलाही एकच पत्ता तात्पुरता ठेवता येतो. खेळाचं नाव या घरांवरूनच पडलं.

हा खेळ पॉल अल्फील यांनी १९७८ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या संगणक यंत्रणेवर लिहिला. त्याच्या आधी बेकर्स गेम नावाचा पत्त्यांचा खेळ होताच. त्यातही चार मोकळी घरं होती, पण रांगेत एकाच रंगाचे पत्ते लावावे लागत: बदामवर बदाम, किलवरवर किलवर. अल्फील यांनी तेवढा एक नियम बदलला आणि लाल-काळं आलटून-पालटून केलं. आधी एका पत्त्याला रांगेत एकच जागा मिळायची, आता दोन मिळू लागल्या. एवढ्याशा बदलाने सुटू न शकणारे डाव जवळजवळ नाहीसेच झाले. मला या खेळातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते. नियम सोपा झाला, पण खेळ उथळ झाला नाही. उलट हरण्याची सबब संपली.

पुढे जिम हॉर्न यांनी त्याची विंडोजसाठीची आवृत्ती लिहिली आणि विंडोज ९५ बरोबर तो घरोघरी पोचला. आमच्याकडे तो भावाच्या इंजिनिअरिंगसाठी घेतलेल्या संगणकावर आला. वर मधोमध राजाचं चित्र असायचं आणि तो एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे तोंड फिरवायचा, ते आईला फार आवडायचं.

त्या आवृत्तीत प्रत्येक डावाला क्रमांक होता, १ ते ३२,०००. एक क्रमांक टाकला की जगात कुठेही तोच डाव समोर येणार. मग साहजिकच प्रश्न पडला, हे सगळे सुटतात का? १९९४-९५ मध्ये डेव्ह रिंग यांनी इंटरनेटवरून शंभराहून जास्त खेळाडू जमवले आणि शंभर-शंभर डाव वाटून दिले. एकाला जो सुटला नाही तो दुसऱ्याकडे, त्यालाही नाही सुटला तर तिसऱ्याकडे. शेवटी एकच डाव उरला, क्रमांक ११९८२. तो कुणालाच सुटला नाही, आणि नंतर संगणकांनी सगळ्या शक्यता तपासून तो खरोखरच सुटत नाही हे दाखवलं. विंडोज एक्सपीमध्ये क्रमांक दहा लाखांपर्यंत गेले. त्या दहा लाखांत न सुटणारे डाव फक्त आठ आहेत. म्हणजे तुमच्यासमोर आलेला डाव सुटतोच असं धरून चाला.

२००५-०६ च्या सुमारास आमच्या गावात रोज काही तास भारनियमन असायचं. डाव अर्धा झाला की वीज जायची. मी मग डाव सुरू करायच्या आधीच आठही रांगा चौकटीच्या वहीत उतरवून घेऊ लागले. वीज गेली की कंदिलाजवळ बसून तोच डाव खऱ्या पत्त्यांनी जमिनीवर मांडायचा. क्लोंडाइक असा उतरवून घेता येत नाही, कारण पालथे पत्ते दिसतच नाहीत. या सवयीने माझा खेळ बदलला. पडद्यावर माझा हात माउसवर असायचा आणि दिसली चाल की केली, असं व्हायचं. वहीत लिहिताना मात्र कुठला एक्का किती खोल आहे, दुऱ्या कुणाखाली दबल्या आहेत, हे आपोआप नजरेखालून जायचं. तुम्ही वही करू नका हवं तर, पण पहिला पत्ता हलवण्याआधी निदान मिनिटभर हात मागे ठेवा. चारही एक्के आणि चारही दुऱ्या शोधा. मोठे पत्ते छोट्या पत्त्यांच्या डोक्यावर बसलेत ती रांग अवघड, हे आधीच ओळखून ठेवा.

नवीन माणूस नेमकं उलट करतो. चार घरं मोकळी दिसतात, म्हणून भराभर भरून टाकतो. चारही भरली की एका वेळी एकच पत्ता हलतो आणि दोन-तीन चालींत डाव बसतो.

याचं गणित एकदा समजून घ्या. नियमाने एका वेळी एकच पत्ता हलतो, पण मोकळ्या घरांचा आधार घेऊन क्रमाने लागलेली ओळच्या ओळ सरकवता येते. किती पत्ते? मोकळी घरं अधिक एक. चारही मोकळी असतील तर पाच. पण एखादी अख्खी रांग रिकामी असेल तर हा आकडा दुप्पट होतो, दहा. दोन रांगा रिकाम्या असतील तर वीस. (रिकाम्या रांगेतच ओळ न्यायची असेल तर ती रांग मोजायची नाही.) घर मोकळं केलं की एकाची भर पडते, रांग मोकळी केली की दुप्पट होतं. म्हणून माझं सगळं लक्ष पहिली रांग रिकामी करण्यावर असतं, आणि त्यासाठी दोन घरं अडकली तरी मी मागेपुढे बघत नाही.

उजवीकडच्या रंगांच्या घरांत पत्ते चढवायची घाईही नको. बदाम पंजी वर पाठवली आणि मग काळी चौकी ठेवायला लाल पंजी उरली नाही, असं मी कितीतरी वेळा करून बसले आहे.

आता डाव क्रमांक १ घ्या. संगणक नसेल तर पत्ते मांडा. सहावी रांग वरून खाली अशी आहे: बदाम सत्ती, किलवर राणी, इस्पिक एक्का, किलवर एक्का, किलवर दुर्री, आणि सर्वांत खाली, म्हणजे हाताशी, चौकट तिर्री. एकाच रांगेत दोन एक्के आणि त्यांना झाकणारे फक्त दोन छोटे पत्ते. तिर्री एका घरात, दुर्री दुसऱ्या घरात. दोन्ही एक्के वर गेले, किलवरची दुर्रीही वर गेली, तिचं घर मोकळं. राणी त्या घरात. उरली बदाम सत्ती, आणि सातव्या रांगेत किलवर अठ्ठी हाताशीच आहे, सत्ती तिच्यावर. सहावी रांग रिकामी झाली आणि गुंतली फक्त दोन घरं.

आता त्या सत्तीवर बसू शकतील अशा दोन काळ्या छक्क्या उघड्या आहेत: पहिल्या रांगेत इस्पिकची, पाचव्या रांगेत किलवरची. एकच बसणार. चौकटचा एक्का कुठल्या रांगेत दबला आहे आणि दोन नंबरच्या रांगेत किलवर नव्वी कुणाची वाट बघते आहे, हे आधी बघा आणि मग ठरवा. तुम्ही कुठली छक्की घेतलीत ते खाली नक्की लिहा.