पुण्याला पाठवू की घरीच ठेवू?

प्रश्न : माझा मुलगा १८ वर्षांचा आहे. त्याला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायू हळूहळू दुबळे करत जाणारा आजार आहे, अकराव्या वर्षापासून तो व्हीलचेअरवर आहे. बारावी सायन्सला ७४ टक्के मिळाले. आजार कुठवर जातो हे आम्ही त्याला सांगितलं नव्हतं, त्याने मोबाइलवर स्वतःच वाचलं. दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, ‘मला पुण्याला स्टॅटिस्टिक्स शिकायचंय. क्रिकेटचा ॲनालिस्ट होणार.’ घरचे म्हणतात, आहेत ते दिवस आरामात जाऊ देत. मला काही सुचत नाही.

उत्तर : ताई, पत्रासोबत त्याने मांडलेल्या स्कोअरबुकच्या पानाचा फोटो होता. मी आधी तोच पाहिला. गावच्या मैदानातला टेनिस बॉलचा सामना, आणि हिशेब बँकेसारखा! फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर, गोलंदाजांनी दिलेल्या धावा अधिक बाय-लेगबाय, दोन्हीकडून बेरीज १२७च येते. मार्कशीटपेक्षा मला हे पान जास्त सांगून गेलं.

पूर्वी या आजारातली मुलं विशी गाठेपर्यंतच जायची. आता स्टेरॉइड, हृदयाची औषधं आणि रात्री श्वासाला मदत करणारं यंत्र यांमुळे बरेच जण तिशीपर्यंत आणि पुढेही जातात. म्हणजे तुमच्या हातात ‘चार दिवस’ नाहीत, आणि चाळीस वर्षंही धरून चालता येत नाहीत. हृदय-फुप्फुसांची तपासणी चुकवू नका. सकाळी डोकं दुखतंय म्हणाला तर डॉक्टरांना लगेच सांगा. बाकी तो माझा प्रांत नाही.

खांदे आधी थकतात, बोटं बरीच वर्षं साथ देतात. ॲनालिस्टचं बरंचसं काम बोटांचंच असतं : सामन्याचा व्हिडिओ बघत लॅपटॉपवर एकेका चेंडूची नोंद, मग त्या आकड्यांतून अर्थ काढायचा. पोराने निवड भावनेच्या भरात केलेली नाही, हे घरच्यांना सांगा.

अभ्यासक्रम असा हवा की मध्ये थांबावं लागलं तरी हाती काही उरेल. नव्या शैक्षणिक धोरणात काही अटींसह एका वर्षाला सर्टिफिकेट, दोनला डिप्लोमा, तीनला पदवी मिळते. मिळवलेले क्रेडिट जमा राहतात, नंतर परतता येतं. आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाइन बीएसही असाच टप्प्याटप्प्याचा आहे. परीक्षेला मात्र केंद्रावर जावं लागतं.

पण ऑनलाइन हा दुसरा पर्याय. पहिला पुण्याचाच. त्याला नुसती पदवी नकोय, घराबाहेरचं जग हवंय. सरकारी आणि अनुदानित संस्थांत २०१६च्या दिव्यांग कायद्याने ५ टक्के जागा राखीव आहेत, दिव्यांगत्व ४० टक्क्यांहून कमी नाही असं प्रमाणपत्र लागतं. युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, नसेल तर आजच अर्ज करा. परीक्षेत लेखनिक आणि तासाला २० मिनिटं जादा मिळतात, ती मागायला लाजू नका.

प्रवेशाआधी एकदा प्रत्यक्ष जा, त्याला घेऊन. रॅम्प सगळे दाखवतात, तुम्ही स्वच्छतागृह बघा : दार किती रुंद, आत खुर्ची वळते का. या एका कारणापायी दिवसभर पाणी न पिणारी मुलं मी पाहिली आहेत. वर्ग वरच्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद, तर वर्ग खाली आणायची लेखी विनंती करा. हॉस्टेलपेक्षा कॉलेजजवळ खोली आणि पगारी मदतनीस बरा. तुम्ही पहिला महिना थांबा, मग परत या. हे तुम्हालाच जड जाणार, त्याला नाही.

स्टीफन हॉकिंगला १९६३मध्ये, एकविसाव्या वर्षी, डॉक्टरांनी दोन वर्षं दिली होती. त्याचंही मन अभ्यासातून उडालं. मग लग्न ठरलं. लग्नाला नोकरी हवी, नोकरीला पीएचडी हवी, म्हणून तो कामाला लागला, असं त्यानेच सांगितलंय. लग्न ठरायच्या थोडं आधी, १९६४मध्ये, त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीत उभं राहून खगोलशास्त्रज्ञ हॉईल आणि आपल्या नारळीकरांच्या सिद्धांतावर आक्षेप घेतलाही होता. तो ७६ वर्षं जगला. प्रत्येकाला तेवढं मिळत नाही, आणि त्याचा आजारही वेगळा होता. मला फक्त ते पीएचडीचं कारण आवडतं. किती साधं!

पुढच्या वेळी पत्र त्याला लिहू द्या. आणि विचारा : चौदाव्या षटकात सात चेंडू मांडलेत, वाइड-नोबॉलची खूण कुठेच नाही. पंच चुकले की हा?