टोपलीत फळं, आणि म्हणे शेवट आला!

प्रश्न असा आहे: बायबलच्या जुन्या करारात आमोस या संदेष्ट्याच्या, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्याच्या, पुस्तकाचा ८ वा अध्याय उघडतो तेव्हा देव विचारतो, ‘आमोस, तुला काय दिसतं?’ तो सांगतो, ‘उन्हाळी फळांची टोपली.’ त्यावर देव एकदम म्हणतो, ‘माझ्या इस्राएल लोकांचा शेवट आला आहे.’ फळांचा आणि शेवटाचा संबंध काय? शिवाय आपल्याकडे सुगी म्हणजे आनंद. अशा संदेष्ट्यांच्या तोंडी कापणी-मळणी शिक्षेच्या अर्थाने कशी येते?

पहिला धागा मराठी वाचून हाती लागत नाही, कारण तो आवाजात आहे. हिब्रूत उन्हाळा आणि उन्हाळ्यात पिकणारी फळं, दोन्हींना ‘कायित्स’ म्हणतात. शेवट म्हणजे ‘केत्स’. आमोस म्हणतो कायित्स, देव म्हणतो केत्स. कोटीच आहे ही, पण ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आणणारी.

दोन्ही शब्दांचं मूळ मात्र एक नाही. केत्सच्या मागे कापण्या-तोडण्याचा धातू आहे. कायित्सचा भाऊ अरबीत ‘कैझ’, म्हणजे ऐन उन्हाळ्याची काहिली. मुळात वेगळे असलेले दोन वर्ण हिब्रूत एकच झाले, म्हणून हे शब्द इतके जवळ आले.

खरी गंमत उच्चारात आहे. आमोस दक्षिणेतला, यहूदामधल्या तकोवा गावचा. इ.स.पू. ८ व्या शतकात तो बोलायला गेला उत्तरेच्या इस्राएल राज्यात, बेथेलला. उत्तरेकडे ‘आय’चा ‘ए’ होत असे. दक्षिणेत द्राक्षारसाला ‘यायिन’ म्हणत आणि लिहिताना दोन य लिहीत. उत्तरेची राजधानी शोमरोन, तिथे सापडलेल्या खापरांवरच्या नोंदींत एकच य आहे, म्हणजे उच्चार ‘येन’. त्याच हिशेबाने उत्तरेत कायित्सचं ‘केत्स’ होणार. म्हणजे बेथेलच्या माणसाच्या तोंडी फळ आणि शेवट हे दोन शब्द जवळजवळ एकच! परगावच्या माणसाने आपल्याच बोलीत आपल्याला पकडावं, तसं हे झालं.

१९०८ साली गेजेर या तिथल्याच प्राचीन नगराच्या जागी चुनखडीची एक छोटी पाटी सापडली. इ.स.पू. १० व्या शतकाच्या सुमाराची, सध्या इस्तंबूलच्या संग्रहालयात. तिच्यावर शेतीचं वर्ष लिहिलं आहे: दोन महिने फळं-पीक गोळा करायचे, दोन पेरणीचे, दोन मागास पेरणीचे, एक जवस उपटण्याचा, एक जव कापणीचा, असं करत करत शेवटची ओळ येते, ‘महिना कत्स’, म्हणजे उन्हाळी फळांचा. मधला य नाहीच. आणि हा महिना यादीत अगदी शेवटी! तेव्हा अंजिरांनी भरलेली टोपली दिसली की शेतकऱ्याला आपोआप कळत असे, वर्ष आटोपलं.

मराठीत हे कसं आणायचं? एका प्रचलित इंग्रजी भाषांतराने फळही पिकलेलं आणि वेळही पिकलेली, असा मार्ग काढला आहे. आपल्याकडे ‘वेळ पिकली’ म्हणत नाहीत, वेळ भरते. मला विचाराल तर मी बागायतदारांचा शब्द घेईन: तोडा. ‘काय दिसतं?’ ‘शेवटच्या तोड्याची टोपली.’ ‘मग शेवटच आला म्हण.’ कोटी थोडी पातळ होते हे कबूल, कारण इथे एकच शब्द दोनदा येतो. पण टोपली बघून मनात जे यायला हवं ते येतं. आणि बोलणारा माणूस या कामातलाच होता. मी गुरंढोरं राखणारा आणि रानउंबरांची मशागत करणारा, असं तो स्वतःच ७ व्या अध्यायात सांगतो. ते झाड आपल्या उंबराच्या जवळच्या नात्यातलं. फळ नीट पिकावं म्हणून त्याला चीर देण्याची तिथे रीत होती. फळ केव्हा उतरवायचं, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आता सुगीबद्दल. हिब्रूतही सुगी आनंदाचीच. यशया या संदेष्ट्याला आनंदाची उपमा द्यायची असते तेव्हा तो कापणीच्या वेळचा हर्ष आठवतो. संदेष्टे ऐकणाऱ्याच्या मनातला हाच सण उचलतात आणि उलटा करतात. योएल हा संदेष्टा म्हणतो, विळा घाला, पीक तयार आहे. या, तुडवा, द्राक्षकुंड भरलं आहे, हौद उतू चालले आहेत, कारण त्यांची दुष्टाई मोठी आहे. आपला ‘पापाचा घडा भरला’ याच्या शेजारीच बसतो. इथे ‘तयार’साठी मूळ शब्द आहे ‘बाशल’. त्याचे दोन अर्थ: पिकणं आणि शिजणं. आपलं ‘पिकणं’ही पक्वपासून आलं, आणि पक्व म्हणजे शिजलेलंही, स्वयंपाकातला पाक तोच. दोन अगदी परक्या भाषांनी शेत आणि चूल एकाच शब्दात बांधावी, याचं मला अजून नवल वाटतं.

बाबेल म्हणजे बॅबिलोन नगरी. तिच्याबद्दल यिर्मया हा संदेष्टा म्हणतो, ती तुडवणीच्या वेळच्या खळ्यासारखी आहे, अजून थोड्या वेळाने तिची कापणी येईल. मीखा या संदेष्ट्याच्या पुस्तकात देव राष्ट्रांना पेंढ्यांसारखं खळ्यावर गोळा करतो. पण शिक्षा म्हणजे नुसता चुराडा, असं समजू नका. यशयाच्या २८ व्या अध्यायाच्या शेवटी एक शेतकरी आहे, तो मला फार आवडतो. तो कलौंजीवर दातेरी फळी फिरवत नाही आणि जिऱ्यावर गाडीचं चाक नेत नाही. ते काठीने झोडपून काढतो. भाकरीचं धान्य मळतो, पण तेही मळतच बसत नाही. ज्याचा त्याला मार, दाणा सुटेपर्यंत. खळ्यावर काम केलेल्या माणसाला यात तत्त्वज्ञान सांगावं लागत नाही. मळणी-उफणणी दाण्यासाठी असते. भुसाची वाट वारा लावतो.

आमोसच्या टोपलीत मात्र हा दिलासा नाही. का, ते तीनच वचनं पुढे कळतं. तिथे धान्याचे व्यापारी आहेत. शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस, कधी संपतो आणि कोठार कधी उघडतो, याची त्यांना घाई झाली आहे. एफा हे माप लहान करायचं, शेकेल हे वजन मोठं करायचं; आपल्या भाषेत, मापात पाप. आणि शेवटी, गव्हाचा ‘मप्पाल’ही विकायचा. हा शब्द पडण्याच्या धातूवरून आला आहे: खळ्यावर खाली पडलेलं, झाडून काढलेलं. जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या नियमाप्रमाणे शेताच्या कडा आणि कापताना गळलेला सरवा गरिबांसाठी सोडायचा होता. हे लोक खळ्यावरचा केरसुद्धा गव्हाच्या भावात त्याच गरिबांच्या पदरात घालत होते.