बाप्तिस्मा (ख्रिस्ती जलसंस्कार) झाल्यावरही मन पुन्हा मळतं, मग अंतःकरणाची शुद्धी होते तरी कशी?

पुन्हा बाप्तिस्मा घ्यायची गरज नाही. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, अध्याय १३ मध्ये, येशू शिष्यांचे पाय धुतो, तेव्हा पेत्र म्हणतो, मग माझे हात आणि डोकंही धुवा. येशू सांगतो, ज्याची आंघोळ झाली आहे त्याला फक्त पाय धुवायचे असतात. म्हणजे पाय मळले म्हणून आंघोळ, म्हणजेच बाप्तिस्मा, वाया जात नाही.

पाय धुण्याची रीत योहानाच्या पहिल्या पत्रात (१ योहान १:९) आहे: पाप कबूल करणं. "प्रभू, मी पापी आहे" हे मोघम सगळेच म्हणतो. कालचं खोटं, मनात धरून ठेवलेला राग नावानिशी सांगताना मात्र जीभ अडते. स्तोत्र ५१ सावकाश वाचा. बथशेबेच्या प्रकरणात (दावीद राजाने दुसऱ्याच्या बायकोशी केलेला व्यभिचार) नाथान संदेष्ट्याने तोंडावर सुनावल्यानंतरचं दाविदाचं हे स्तोत्र. तो सबब सांगत नाही, आणि हृदय शुद्ध करायचं काम स्वतःच्या अंगावरही घेत नाही; ते देवाकडे मागतो.

उपास, मनन जरूर करा. पण कुणाशी बिनसलं असेल तर मत्तय ५:२३-२४ प्रमाणे आधी समेट. तो टाळून केलेला लेंटमधला (ईस्टरआधीच्या उपवासकाळातला) चाळीस दिवसांचा उपास मला तरी पोकळ वाटतो.