वेचणीच्या पिशवीतून डिझाईनकडे

आदरणीय महोदय,
सप्रेम नमस्कार.

दारव्हा तालुक्यातून आपण पाठविलेले पत्र मिळाले. आपली कन्या अकरावी विज्ञान शाखेत शिकते व तिला पुढे डिझाईनचे शिक्षण घ्यायचे आहे. मात्र तिची चित्रकला बेताचीच आहे, शिक्षकांच्या मते तिच्यात कल्पकता नाही, आणि कोरडवाहू शेतीच्या भरवशावर अशा शिक्षणात पैसा घालावा की नाही, हा आपला प्रश्न आहे. पत्राच्या शेवटी आपण जाता जाता लिहिलेली गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटली, म्हणून तेथूनच सुरुवात करते.

कापूस वेचणीच्या दिवसांत आईच्या कमरेवर ओटीचा, म्हणजे वेचलेला कापूस ठेवण्यासाठी कमरेला बांधलेल्या कापडाच्या झोळीचा, भार पडतो, हे पाहून तिने खताच्या रिकाम्या पोत्याची, दोन्ही खांद्यांना पट्टे असलेली पिशवी शिवली. पोत्याचे धागे कापसात मिसळताना दिसले तेव्हा तिने ती बाजूला ठेवली, जुन्या सुती चादरीची दुसरी शिवली आणि अंगावरून न उतरवता कापूस ओतता यावा म्हणून तळाला नाडीचे तोंड ठेवले. हे प्लॅस्टिकचे धागे जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करताना, पुरते निघत नाहीत, सुतात जातात, आणि त्यांच्यावर सुतासारखा रंग चढत नसल्याने कापड तयार झाल्यावर डाग उठून दिसतात. आईच्या कमरेचा विचार करणाऱ्या मुलीने कापसाच्या पुढच्या प्रवासाचाही विचार केला. अनेक वर्षे डिझायनर म्हणून काम केल्यावर मी आपल्याला खात्रीने सांगते की कल्पकता यापेक्षा वेगळी नसते, आणि शिक्षकांचा आदर राखूनही त्यांचे मत मला मान्य नाही.

इतके करूनही आई पुन्हा ओटीच बांधते, असे आपण काहीशा खेदाने लिहिले आहे. माझ्या मते तिचा खरा अभ्यास येथून सुरू होतो. ओटीला खर्च नाही, तिचे तोंड रुंद असते, खाली न पाहता दोन्ही हातांनी कापूस टाकता येतो आणि गाठ सैल केली की बसताही येते. यातले काय नव्या पिशवीत हरवले, हे मुलीने शोधले पाहिजे. त्यासाठी वेचणाऱ्या बायांना ‘पिशवी आवडली का’ असे विचारून उपयोग नाही, कारण मुलीचे मन राखण्यासाठी त्या होच म्हणतील. तिने कापसाची एक संपूर्ण ओळ त्यांच्यासोबत चालून त्यांचे हात कोठे अडतात ते पाहावे व वहीत टिपावे. १९५८ साली चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकी डिझायनर दांपत्याने भारत सरकारला दिलेल्या अहवालात उत्तम डिझाईनचे उदाहरण म्हणून आपल्या साध्या लोट्याची निवड केली होती, आणि त्याच अहवालाच्या पायावर १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाईन संस्था उभी राहिली. पिढ्यान्‌पिढ्या वापरात घडत गेलेली वस्तू समजून घेतल्याशिवाय नवे काही टिकत नाही, हे मी कामातूनच शिकले. आमच्या क्षेत्रात ज्यांची वाढ खुंटलेली मी पाहिली, त्यांची चित्रे सुंदरच होती. वापरणाऱ्या माणसांकडे जाणे मात्र त्यांनी सोडले होते.

आता प्रवेशाविषयी. आयआयटी मुंबईतर्फे घेतली जाणारी यूसीईईडी आणि राष्ट्रीय डिझाईन संस्थेची डीएटी या डिझाईनच्या पदवी अभ्यासक्रमांच्या दोन्ही प्रवेश परीक्षा कोणत्याही शाखेच्या बारावीच्या विद्यार्थ्यांना देता येतात. आपल्याला तुलनेने जवळची अशी राष्ट्रीय डिझाईन संस्था भोपाळलाही आहे. रेखाटन दोन्हीकडे लागते, पण ते विचार स्पष्ट मांडण्यापुरते असले तरी चालते आणि रोजच्या सरावाने वर्षभरात पुष्कळ सुधारते. महागड्या क्लासची घाई करू नये. यूसीईईडीच्या जुन्या प्रश्नपत्रिका संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, त्या आधी सोडवून पाहाव्यात.

जागा थोड्या असतात आणि चार वर्षांचा खर्च काही लाखांत जातो, हे मी लपवणार नाही. म्हणून शिष्यवृत्ती व शैक्षणिक कर्जाची चौकशी आतापासूनच करावी आणि विज्ञान शाखा सोडू नये. पहिल्या प्रयत्नात प्रवेश मिळाला नाही, तर अभियांत्रिकीची पदवी घेऊन सीईईडी परीक्षेद्वारे पदव्युत्तर डिझाईनकडे वळता येते. हा मार्ग लांबचा असला तरी आपल्या परिस्थितीत तो कमी जोखमीचा आहे, आणि यंत्रांची जाण असलेल्या डिझायनरला त्याचा पुढे उपयोगच होतो.

दोन्ही पिशव्या जपून ठेवाव्यात, पोत्याची फसलेलीसुद्धा. यंदाच्या वेचणीत तिने वहीत टिपलेल्या नोंदी आणि दोन्ही पिशव्यांची छायाचित्रे मला पाठवावीत. त्यावरून प्रवेशाच्या तयारीत कोठे जोर द्यावा, हे मी पुढील पत्रात लिहीन.

आपली,
करिअर मार्गदर्शक