उमेदवारी आधी शिकाऊ, मग निवडणुकीची

प्रश्न: आम्ही पुण्याहून सिडनीला आलो, आता तिघेही ऑस्ट्रेलियन नागरिक आहोत. मुलगा अठरा वर्षांचा, इलेक्ट्रिशियनच्या चार वर्षांच्या शिकाऊ उमेदवारीतलं दुसरं वर्ष चालू. त्याला न्यू साउथ वेल्सच्या विधानसभेत जायचंय. काम सोडून राज्यशास्त्राची पदवी घ्यावी का? वायरमनला कोण तिकीट देणार? ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते) आड येईल का? – एक आई

ताई, उमेदवारी सोडू देऊ नका.

तुमचं 'वायरमनला कोण' मला टोचलं. जो कॅहिल तुमच्याच शहरात, एव्हलीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. 1917च्या संपात त्यांची नोकरी गेली. 1925 साली आमदार झाले, 1952 मध्ये मुख्यमंत्री. ऑपेरा हाउससाठी हट्ट धरला तो या फिटरने. त्यांच्याआधी 1941 ते 1947 मुख्यमंत्री असलेले विल्यम मॅकेल बॉयलरमेकर. आमदार झाल्यावर कायदा शिकले आणि 1925 साली बॅरिस्टर झाले. शिक्षण नंतरही घेता येतं.

आज वकिलीतून, पक्षकार्यालयातून आलेले जास्त दिसतात, मान्य. पण इलेक्ट्रिशियनचा परवाना, साइटवरची सुरक्षा, टेफ ही सरकारी व्यवसाय-शिक्षणाची कॉलेजं, हे सगळं राज्य सरकारच्या हातात आहे. यावर अनुभवाने बोलणारा माणूस सभागृहात हवाच.

त्याने आता इलेक्ट्रिकल ट्रेड्स युनियनचं सभासद व्हावं आणि पक्षाच्या स्थानिक शाखेत जाऊन बसावं. लेबर पक्ष कामगार संघटनांतूनच उभा राहिला, म्हणून तो रस्ता ओळखीचा. पुढे स्वतःचा धंदा काढला तर लिबरल पक्षवालेही जवळचे वाटतील. ते त्याचं त्याने ठरवावं. उमेदवार निवडताना बऱ्याच ठिकाणी शाखेचे सभासद मत देतात, कधी वरूनही नाव येतं. म्हणून वर्षानुवर्षं बैठकांना हजर राहिलेला चेहरा लागतो. 2027च्या मार्चमध्ये निवडणूक आहे. त्यात त्याने उभं राहू नये. मतदान केंद्राबाहेर दिवसभर पत्रकं वाटावीत. लोक कशावर चिडतात, कशावर थांबून बोलतात, हे तिथे कळतं. परवाना हातात आल्यावर आधी नगरपालिका लढवून बघावी.

कार्डाची धास्ती नको. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व असलेल्यांना अडवणारं ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेतलं कलम 44 केंद्रीय संसदेसाठी आहे, आणि ओसीआय म्हणजे भारतीय नागरिकत्व नव्हे.

या रविवारी त्याला विचारा, साइटवरची कोणती एक गोष्ट बदलावीशी वाटते? त्याच्याच शब्दांत लिहून मला पाठवा. पुढचं बोलणं त्यावरून करू.