दारू गेली की राखणदारही जातो

वाचकांचे प्रश्न : घरगुती पेयं

प्रश्न : परदेशात नोकरीला असताना आठ-नऊ वर्षं मी घरी बिअर बनवायचो. इकडे परत आल्यावर सगळं सामान माळ्यावर टाकलं, त्याला आता बारा वर्षं झाली. १९ लिटरची स्टीलची केग (बिअरचं पिंप), रेग्युलेटर, झाकणाची प्लास्टिक बादली, नळ्या, हायड्रोमीटर आणि हॉप्सची (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांची) दोन पाकिटं आहेत. पुन्हा सुरुवात करायची आहे, पण फार खर्च करायचा नाही. जळगावच्या उन्हात हे जमेल का?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : उन्हाचं नंतर बघू, आधी कायद्याचं. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे आणि बिअर त्यात येते. विकायची नाही, घरच्यापुरतीच आहे, ही सबब चालत नाही. पिण्याचा परवाना खिशात असला तरी तो पिण्यापुरता, बनवण्याचा नव्हे. तेव्हा यीस्ट विसरा. बाकीचं सामान मात्र वाया जाणार नाही. न आंबवलेलं, फसफसणारं माल्टचं (मोड आणून वाळवलेल्या धान्याचं) पेय त्याच केगमध्ये उत्तम होतं. भिजवणं, गाळणं, उकळणं सगळं तेच. फक्त शेवट वेगळा. आणि जुना हात नेमका त्या शेवटालाच चुकतो.

बिअर टिकते कशामुळे? तिच्यात दारू असते, आंबटपणा असतो, हॉप्स असतात आणि यीस्टने बहुतेक साखर आधीच खाऊन टाकलेली असते. तयार बिअरचा पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) साधारण ४ ते ४.५ असतो. आंबवण्याआधीचा गोड काढा, ज्याला तुम्ही वर्ट म्हणायचात, त्याचा पीएच ५.२ ते ५.५ असतो, शिवाय साखर भरपूर. बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूंचे बीजाणू तासभर उकळूनही मरत नाहीत. हवा नसलेली जागा आणि ४.६ च्या वरचा पीएच मिळाला की ते जागे होतात. कार्बन डायऑक्साइडने भरलेली केग म्हणजे त्यांना हवी तशीच जागा. बिअर असती तर महिनाभर बाहेर राहिली असती. हे पेय एक रात्रसुद्धा बाहेर ठेवू नका. दारूचं काम आता लिंबूसत्त्व आणि फ्रिज यांनी करायचं.

आता सामान. बारा उन्हाळे माळ्यावर काढलेले हॉप्स हुंगून पाहा. जुन्या चीजसारखा किंवा घामट मोज्यासारखा वास आला तर फेकून द्या, उकळल्याने तो जात नाही. नळ्याही फेका, आतला पिवळा थर कशानेही निघत नाही. बादलीच्या आतून नख फिरवा. ओरखडे लागले तर ती धान्य भिजवायला ठेवा, तयार पेयाला नको. जंतू ओरखड्यात दडतात आणि निर्जंतुक करणारं औषध तिथवर पोचत नाही.

केगच्या रबरी रिंगा सगळ्या बदला. झाकणाची एक मोठी, दोन्ही नळ्यांच्या तोंडावर एकेक आणि आतल्या दांड्यांना एकेक, अशा पाच. रिंगांना खाद्य दर्जाचं सिलिकॉन ग्रीस बोटभर लावा. मग केगमध्ये थोडं पाणी घालून २ बार दाबापर्यंत वायू भरा आणि सांध्यांवर साबणाचा फेस सोडा. बुडबुडा आला तिथे गळती. ही दहा मिनिटं वाचवणाऱ्याचा अख्खा सिलिंडर एका रात्रीत रिकामा होतो.

धुवायला महागडी पावडर नको. लिटरभर गरम पाण्यात एक चमचा धुण्याचा सोडा पुरतो. अर्धा तास ठेवून खळखळून धुवा. पण हा सोडा ॲल्युमिनियमच्या पातेल्यात नेऊ नका, पातेलं काळं पडतं आणि झिजतं. स्टीलला उलट ब्लीच चालत नाही. क्लोरीनमुळे बारीक खड्डे पडतात. धुतल्यावर केगमधून उकळतं पाणी फिरवलं की झालं.

हायड्रोमीटर, म्हणजे साखरेमुळे द्रव किती दाट झालाय ते दाखवणारी तरंगती नळी, साध्या पाण्यात सोडून बघा. बहुतेक २० अंशांवर जुळवलेले असतात. जळगावात मे महिन्यात नळाचं पाणी ३४ अंशांवर असलं तर काटा १.००० ऐवजी ०.९९६ दाखवेल. तो बिघडलेला नाही, पाणी पातळ झालंय. २० अंशांच्या पाण्यातही चुकला तरच बदला.

पैसे खर्च करायचे ते तीनच गोष्टींवर : नव्या नळ्या-रिंगा, १०० अंशांपर्यंतचा डिजिटल थर्मामीटर आणि ३ ते ६ मधला फरक दाखवणाऱ्या पीएच पट्ट्या. शाळेतला लिटमस कागद उपयोगाचा नाही. आंबट आहे एवढंच सांगतो, किती ते नाही.

माल्ट विकत घेण्यापेक्षा घरी करा. खानदेशात पहिला विचार ज्वारीचा येतो, पण इथे ती टाळा. ज्वारीच्या कोंबात सायनाइड सोडणारं द्रव्य तयार होतं. कोवळी ज्वारी खाऊन गुरं दगावतात ती त्यामुळेच. कोंब-मुळं पूर्ण काढून काम भागतं, पण घरी ते नेटकं होत नाही. गहू घ्या. दीड किलो गहू १२ तास भिजवा, मध्ये एकदा पाणी बदला. ओल्या फडक्यात पसरून दोन-तीन दिवस ठेवा, दिवसातून तीनदा पाणी शिंपडून हलवा. उन्हाळ्यात ढिगाच्या मधोमध हात घाला. गरम लागला तर पातळ पसरा, नाहीतर आंबूस वास धरतो. कोंब दाण्याएवढा झाला की उन्हात कडकडीत वाळवा, मुळं चोळून पाखडा आणि जाडसर भरडा. पीठ करू नका, गाळताना चिखल होतो. बार्लीच हवी असेल तर सालासकट जव आणा. पॉलिश केलेली बार्ली उगवत नाही.

१० लिटरसाठी १.२ किलो भरडा. ५ लिटर पाणी ७० अंशांवर आणा, गॅस बंद करा, भरडा हळूहळू घालत ढवळा. मिश्रण ६६ अंशांच्या आसपास स्थिरावतं. पातेलं गोधडीत गुंडाळून तासभर ठेवा. ७५ च्या वर गेलं तर स्टार्चची साखर करणारी विकरं मरतात. पुढे कितीही वेळ ठेवलं तरी पेज ती पेजच राहते. तासाने पांढऱ्या बशीत चमचाभर पाणी काढून त्यावर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका. निळा-काळा झाला तर स्टार्च शिल्लक आहे, अजून २० मिनिटं द्या. थेंब तपकिरीच राहिला की गाळा. ते बशीतलं चमचाभर पाणी मात्र मोरीत, परत पातेल्यात नाही.

चोथ्यावरून गरम पाणी ओतून सगळं मिळून ११ लिटर करा आणि तासभर उकळा. आटून १० लिटर राहील, कमी पडलं तर उकळतं पाणी घालून भरा. ताजे हॉप्स मिळाले तर ५ ग्रॅम सुरुवातीलाच टाका. नाही मिळाले तर शेवटच्या पाच मिनिटांत ५ ग्रॅम भरडलेले धने आणि एका संत्र्याची पांढरा भाग काढलेली साल. बेल्जियमच्या गव्हाच्या बिअरमध्ये हीच जोडी असते, म्हणजे तुम्हाला चव ओळखीची वाटेल. गार करून मोजलं तर काटा १.०२० ते १.०२६ दाखवेल. गोडी कमी वाटली तर उकळतानाच २०० ग्रॅम साखर घाला.

आता ते शेवटचं वळण. लिंबूसत्त्व २० ग्रॅम घाला, विरघळवा, गार थेंबावर पट्टी लावा. पीएच ४.२ च्या खाली यायलाच हवा. नाही आला तर दोन-दोन ग्रॅम वाढवत जा. साधारण ३० ग्रॅमपर्यंत काम होतं. चवीला आंबट होतंय म्हणून इथे हात आखडू नका. लगेच बर्फाच्या पाण्यात पातेलं ठेवून गार करा, केगमध्ये भरा आणि फ्रिजमध्ये ४ अंशांवर ठेवा.

वायू थंड पेयातच भरायचा. ४ अंशांवर १.७ बार दाब देऊन तीन दिवस ठेवलं तर लिटरमागे सुमारे साडेतीन लिटर वायू मुरतो, म्हणजे चांगला सोडा. तोच दाब ३० अंशांवर दिला तर निम्माच मुरतो आणि नळ उघडल्यावर नुसता फेस येतो. वायू खाद्य दर्जाचाच घ्या. गोटी सोडा भरणाऱ्याकडे विचारा, तो कुठून आणतो ते कळेल. आग विझवण्याच्या सिलिंडरवाल्याकडून नको. रेग्युलेटरचे आटे इथल्या सिलिंडरला बसतीलच असं नाही, तेव्हा रेग्युलेटर सोबत घेऊनच दुकानात जा. केगचा खटाटोप नको असेल तर कोल्ड्रिंकची दोन लिटरची प्लास्टिक बाटली आणि तिला बसणारी वायू भरायची टोपी एवढ्यात भागतं.

सात दिवसांत संपवा. वीज गेली आणि फ्रिज सहा-सात तास बंद राहिला तर हळहळ न करता ओतून द्या.

प्रश्न : आल्याचं विरजण करून जिंजर बिअर बनवली. लिटरला ८० ग्रॅम साखर होती. काचेच्या बाटल्या ओट्यावर ठेवल्या होत्या, चौथ्या दिवशी दोन फुटल्या. बूच घट्ट लावल्यामुळे का?
– धुळे

उत्तर : बूच सैल असतं तर काच वाचली असती, पण मूळ दोष साखरेचा आणि उन्हाचा. लिटरमागे ४ ग्रॅम साखर आंबली की त्या पेयाच्या आकाराइतका वायू होतो. ८० ग्रॅम म्हणजे वीसपट. बिअरची साधी बाटली तीन-चार पट झेलते. थंड हवेत आंबवण रेंगाळतं आणि माणसाला बाटली फ्रिजमध्ये टाकायला वेळ मिळतो; धुळ्यात एप्रिलमध्ये तो मिळत नाही.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. ती ८० ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर पेयात सुमारे ५ टक्के दारू तयार होते. नाव जिंजर बिअर, आणि निघते खरोखरच बिअर. मुलांना देताना आणि कायद्याच्या दृष्टीनेही ही गंमत नाही. फ्रिजमध्ये ठेवल्याने यीस्ट झोपतं, मरत नाही. बाटली पुन्हा बाहेर आली की पुन्हा कामाला लागतं.

सरळ मार्ग असा : २५० ग्रॅम आलं ठेचून अर्धा लिटर पाण्यात २० मिनिटं मंद उकळा, गाळा, अर्धा किलो साखर विरघळवा, गार झाल्यावर चार लिंबं पिळा. ३० मिली पाकावर २०० मिली थंडगार सोडा. पाक फ्रिजमध्ये पंधरा दिवस राहतो. उरलेल्या बाटल्या अजून ओट्यावर असतील तर हातात उचलू नका. वर जाड गोणपाट टाका, चष्मा घाला, जागेवरच गार होऊ द्या आणि मग उघडा.

प्रश्न : मुलीकडे सहा महिने अमेरिकेत जातोय. तिच्या गॅरेजमध्ये माझा जुना बिअरचा संच आहे, दहा वर्षं वापरला नाही. तिथे तरी चालेल ना? स्वस्तात सुरुवात कशी करू?
– भुसावळ

उत्तर : तिथे चालेल. १९७८ च्या कायद्याने घरगुती बिअरला केंद्रीय करातून सूट मिळाली : एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला २००, विकायची नाही. शेवटची दोन राज्यं, मिसिसिपी आणि अलाबामा, २०१३ मध्ये राजी झाली.

जुन्या सवयीने १९ लिटरचा घाट घालू नका. १० लिटर करा. घरातलंच मोठं पातेलं पुरतं, गार करायला सिंकमध्ये बर्फ पुरतो, आणि बिघडलं तर निम्मंच वाया जातं. सुका माल्ट अर्क १.२ किलो घेतलात तर १० लिटरला काटा १.०४४ च्या आसपास येतो आणि बिअर साडेचार टक्क्यांच्या जवळ जाते. १० टक्के आल्फा आम्लाचे (कडूपणा या आम्लाचाच) हॉप्स १० ग्रॅम, तासभर उकळून; मध्यम कडूपणा येतो. यीस्ट नवंच घ्या, ११ ग्रॅमचं सुकं पाकीट, १८ ते २० अंशांवर. दहा वर्षांपूर्वीचं पाकीट वापरून पाच डॉलर वाचवायला गेलात तर पन्नासचा माल जाईल.

तिथल्या नळाच्या पाण्यात बऱ्याच गावी क्लोरामाइन असतं, ते उकळून सहजी जात नाही आणि बिअरला दवाखान्याचा वास लावतं. ते घालवायला कॅम्पडेनची एक गोळी ७५ लिटरला पुरते. तुम्हाला पाव गोळी भरपूर. दोन आठवड्यांनी काटा तीन दिवसांच्या अंतराने दोनदा पाहा. दोन्ही वेळा तोच आला तरच बाटलीत भरा, १० लिटरला ६० ग्रॅम साखर उकळून. घाई केली तर काय होतं, ते वरच्या धुळ्याच्या पत्रात आहेच.

प्रश्न : आफ्रिकेत केळ्याची बिअर करतात म्हणे. आमच्याकडे भाव पडले की ग्रँड नैन जातीची केळी बांधावर सडते. जमेल का?
– यावल

उत्तर : युगांडा-रवांडात करतात, खरं आहे. पण तिथल्या केळीच्या जातीच वेगळ्या. घड पिकवून, गवताबरोबर मळून रस पिळतात आणि आंबवताना त्यात भाजलेल्या ज्वारीचं पीठ घालतात. ग्रँड नैन पिळली तर रस निघत नाही, लगदा होतो; त्यातलं पेक्टिन पाणी धरून ठेवतं, पेक्टिनेज हे विकर घातल्याशिवाय सोडत नाही. आणि परवान्याचं वर लिहिलं आहे, ते केळ्यालाही लागू. भाव पडलेल्या मालाचं वेफर्स किंवा सुकेळी करा. फक्त वेफर्सला केळी कच्ची, हिरवीगार लागते, म्हणजे घड पिकायला लागण्याआधीच ठरवावं लागेल.